वारा पाठीवर असताना: गोव्याच्या किनाऱ्यावर छोट्या यॉटला जेनेकर कसं चढवावं

हिवाळ्यात गोव्याच्या किनाऱ्यावर शिडाच्या बोटीला दिवसातून दोनदा पाठीमागून वारा मिळतो. पहाटेपासून सकाळी आठ-नऊपर्यंत मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, आणि मांडवीतून अग्वादच्या बाहेर पडणाऱ्या बोटीला तो सरळ पाठीवर येतो. मग थोडा वेळ सगळं स्तब्ध. अकरा-बाराच्या सुमारास पश्चिमेकडून खारा वारा सुटतो, दुपारी वायव्येकडे सरकतो, तीन-चारला त्याचा जोर सर्वांत जास्त असतो आणि सूर्य बुडताना तो पडतो. अग्वादहून दक्षिणेला ग्रांदे बेटाकडे जाणारे आठेक सागरी मैल या वायव्येच्या वाऱ्यात मागच्या कोपऱ्यावर वारा घेऊन कापता येतात. याहून सोयीची दिशा शिडाला मिळत नाही.

तरी यातल्या बहुतेक वेळी छोट्या यॉटवर इंजिन चालू असतं. सात-आठ नॉटांचा (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) वारा पाठीवर असला आणि बोट तीन-चार नॉटांनी पुढे पळत असली, की शिडांना जाणवतो तो उरलेला चार नॉटांचा वारा. मेनसेलच्या, म्हणजे डोलकाठीमागच्या मुख्य शिडाच्या, आडोशात जिब (पुढचं त्रिकोणी शीड) लोंबकळते, जाड डेक्रॉनच्या (पॉलिएस्टर कापडाच्या) वजनानेच तिचा आकार मोडतो. यावर उपाय म्हणजे पातळ नायलॉनचं मोठं, फुगीर शीड. त्याला जेनेकर म्हणा, क्रूझिंग शूट म्हणा किंवा असिमेट्रिक स्पिनेकर. कापणीत थोडेफार फरक असतात, बांधणी तीच. २६ ते ३० फुटी बोटीसाठी ०.७५ औंसाचं रिपस्टॉप (फाट पसरू न देणाऱ्या विणीचं) नायलॉन पुरतं. क्षेत्रफळ जिबच्या दुपटीहून बरंच जास्त असतं आणि एवढं शीड पिशवीत भरून एका हाताने उचलता येतं.

हे शीड चढवणं सोपं आहे. त्रास होतो तो उतरवताना. म्हणून या लेखातली प्रत्येक गोष्ट, कप्पी कुठे लावायची इथपासून कोणता दोर कुठे आणायचा इथपर्यंत, उतरवण्याच्या सोयीने ठरवली आहे.

मर्यादा आधी ठरवा

दोघांनी चालवायच्या कुटुंबी बोटीवर मी खऱ्या वाऱ्याची मर्यादा १२ नॉट धरतो. शीड त्याहून जास्त सोसतं, पण हिशेब पाहा. खरा वारा १६ नॉट आहे आणि बोट तो पाठीवर घेऊन ६ नॉटांनी पळते आहे. कॉकपिटमध्ये जाणवतो फक्त १० नॉटांचा वारा. सगळं निवांत वाटतं, कोणी चहा ठेवायला खाली जातं. तेवढ्यात समोर जाळ्याचे तरंगते गोळे दिसतात आणि सुकाणूवरचा माणूस बोट वळवून वारा आडवा घेतो. त्या क्षणी शिडावर १७ नॉटांचा वारा येतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे शिडावरचं ओझं जवळजवळ तिप्पट होतं. बोट एका कुशीवर झोपते, सुकाणूचं पातं पाण्याबाहेर येऊ लागतं आणि ती कोणाचं ऐकत नाही.

वाऱ्याचा वेग मोजणारं यंत्र बोटीवर नसेल तर पाण्याकडे पाहा. ७ ते १० नॉटांत तुरळक फेस दिसतो. ११ च्या पुढे पांढरे माथे वारंवार दिसू लागतात. मात्र हे पाहायचं ते मागे वळून. पुढे पाहिलं तर लाटांची पाठ दिसते आणि समुद्र आहे त्यापेक्षा शांत वाटतो.

खारा वारा दुपारभर वाढतच जातो हे इथलं ठाम वेळापत्रक आहे. त्यामुळे उतरवायची वेळ घड्याळानेही ठरवून ठेवा. बाराला चढवलंत तर दोनला उतरवायचं, मग कितीही मजा येत असो. सरावासाठी मी मतलई वाराच सुचवेन. तो जमिनीवरून येतो म्हणून पाणी सपाट असतं आणि जोर बेताचा असतो. एवढंच ध्यानात ठेवा, की तो तुम्हाला समुद्राकडे नेतो आणि नंतर मरतो. इंजिन लगेच सुरू होईल असं हवं आणि टाकीत तेल हवं.

दोर आणि कप्प्या

एक नियम इथून शेवटपर्यंत लागू आहे: जेनेकरचा प्रत्येक दोर सगळ्याच्या बाहेरून जातो. श्राउड (डोलकाठीला बाजूंनी धरणाऱ्या तारा), लाइफलाइन (डेकच्या कडेची तार), नाळेवरचा, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावरचा, कठडा, फोरस्टे (डोलकाठीला पुढून धरणारी तार), सगळ्याच्या बाहेरून. जिबच्या दोरांची सवय हाताला इतकी जडलेली असते, की हात आपोआप आतून जातो. प्रत्येक दोर लावून झाल्यावर त्याच्यावरून बोट फिरवत पूर्ण चालत जा.

आधी हॅलयार्ड, म्हणजे शीड वर चढवणारा दोर. ती डोलकाठीच्या शेंड्यावर फोरस्टेच्या वरून आणि पुढून निघाली पाहिजे. जिबची मोकळी हॅलयार्ड वापरण्याचा मोह होतो, तो टाळा. तिची कप्पी फोरस्टेच्या खाली असते, दोर फोरस्टेवर घासतो आणि फर्लरच्या (जिब गुंडाळणाऱ्या यंत्रणेच्या) वरच्या टोकाभोवती गुंडाळला जातो. शेंड्यावर सर्व दिशांना फिरणारी वेगळी कप्पी बसवून घ्या. नौदलाच्या म्हादेई आणि तारिणी या शिडाच्या नौका ज्या गोव्याच्या दिवाडी बेटावर बांधल्या गेल्या, त्या गोव्यात डोलकाठीवर चढून हे काम नीट करणारा माणूस शोधला तर मिळतो. छोट्या बोटीला कमी ताणणारा ८ मिलिमीटरचा दोर पुरतो. लांबी डोलकाठीच्या दुप्पट, अधिक तळापासून कॉकपिटपर्यंतचं अंतर, अधिक दोन-तीन मीटर.

मग टॅकचा दोर, म्हणजे शिडाचं पुढचं खालचं टोक धरून ठेवणारा. बांधणीत सर्वांत जास्त चुका इथे होतात. त्याची कप्पी फोरस्टेच्या आणि फर्लरच्या ड्रमच्या पुढे हवी, आणि दोर वर जाताना कठड्याला घासता कामा नये. बोटीला बो-स्प्रिट (नाळेतून पुढे आलेला दांडा) असेल तर काम सोपं. नसेल तर बहुतेक जण नांगराच्या रोलरचा आधार घेतात. तो घेण्याआधी डेकच्या खालून त्याचे बोल्ट पाहा. नांगराचं ओझं खाली आणि पुढे असतं; जेनेकर मात्र वर आणि बाजूला ओढतं. पातळ पत्र्याचा रोलर त्यात वाकतो. खाली भक्कम पट्टी नसेल तर आधी ती घाला.

दुसरा मार्ग असा: जिब गुंडाळून ठेवा आणि तिच्याभोवती मण्यांची माळ घालून टॅक तिला अडकवा. माळ वरखाली सरकते, टॅक मध्यरेषेजवळ राहतो आणि वरचं ओझं टॅकच्या दोरावर येतं. बो-स्प्रिट नसलेल्या बोटीवर मला ही पद्धत आवडते.

टॅकचा दोर डेकवरून कॉकपिटपर्यंत मागे आणा आणि तिथे क्लीटवर (दोर अडकवायच्या खुंटीवर) बांधा. नाळेवरच क्लीट असेल आणि तिथेच बांधायची इच्छा होत असेल तरी नको. शीड अंगावर आलं की हा दोर सोडण्यासाठी कोणाला नाळेकडे धावावं लागू नये.

शीट, म्हणजे शिडाचं मागचं खालचं टोक ओढणारे दोर, दोन; प्रत्येकी बोटीच्या लांबीच्या दुप्पट. २६ फुटी बोट सुमारे ८ मीटरची, म्हणजे शीट १६ मीटरची. कप्प्या पिछाडीला, जितक्या मागे लावता येतील तितक्या मागे. तिथून दोर पुढे वळून जिबच्या विंचवर (दोर ओढायच्या रहाटावर). क्ल्यूला, म्हणजे त्या मागच्या खालच्या टोकाला, शीट बोलाइन गाठीने बांधा. धातूचा शॅकल (जोडकडी) नको, कारण फडफडणाऱ्या शिडाच्या टोकावरचा शॅकल डोकं फोडू शकतो. हलक्या वाऱ्यात त्याच्या वजनाने क्ल्यू खाली पडतो हेही आहेच.

आणि शीटच्या शेवटी गाठ मारू नका. जिबच्या शीटला आठाची गाठ मारायला आपण शिकलेलो असतो, पण इथे उलट. सगळं हाताबाहेर गेलं तर हे दोर कप्पीतून सुळकन निघून जायला हवेत. शीड झेंड्यासारखं पुढे फडफडेल, कदाचित फाटेल, पण बोट उभी राहील.

दोर झाले की जुन्या नायलॉन साडीचा तुकडा हातात घ्या आणि कठडा, श्राउडचे टर्नबकल (तार ताणणारे पेच), स्प्रेडरची (डोलकाठीवरच्या आडव्या काठ्यांची) टोकं, नांगराचा रोलर, सगळीकडे फिरवा. जिथे साडी अडकेल तिथे जेनेकर फाटणार. स्प्लिट पिना वाकवून त्यांच्यावर टेप गुंडाळा.

सॉक

दोघांच्या बोटीवर सॉकशिवाय हे शीड घेऊ नका. सॉक म्हणजे शिडाच्या लांबीची कापडी नळी. तिच्या तोंडाशी कडक रिंग असते आणि एक अखंड दोर रिंग वरखाली करतो. रिंग खाली, की शीड नळीत बंद. रिंग वर, की शीड उघडं.

शीड सॉकमध्ये भरायचं काम घरी करा. मोकळा हॉल किंवा स्वच्छ गवत पाहा, वाळू नको. शेंडा सॉकच्या वरच्या फिरकीला अडकवा. मग एकाने शेंड्यापासून शिडाची पुढची कड हातात धरून टॅकपर्यंत चालायचं, दुसऱ्याने मागची कड धरून क्ल्यूपर्यंत. दोन्ही कडा कुठेही एकमेकींना न ओलांडता खाली पोहोचल्या, तरच रिंग खाली ओढा. टॅकला लाल आणि क्ल्यूला हिरवी चिकटपट्टी लावून ठेवा. हलत्या डेकवर दोन्ही टोकं सारखीच दिसतात. सॉकचा दोर शिडाला पीळ घालत नाही ना, हेही इथेच पाहून घ्या.

पहिली तालीम नांगरावर करा. वाऱ्याची हालचाल नसलेल्या सकाळी शीड सॉकमध्ये बंद ठेवूनच वर चढवा आणि खाली आणा. हॅलयार्ड कुठे घासते, टॅक किती वर जातो, कोणता दोर आतून गेला आहे, सगळं दिसतं. हाका मारायचे शब्दही तेव्हाच ठरवा. वाऱ्यात ‘सोड’ आणि ‘ओढ’ सारखेच ऐकू येतात, म्हणून ‘ढिली’ आणि ‘घे’ हे जास्त सुरक्षित.

चढवणं

मेनसेल वर असू द्या. तिच्या आडोशात जेनेकर शांत राहतं आणि चढवणं-उतरवणं दोन्ही तिच्यामुळे सोपं होतं.

१. पुढे किमान मैलभर मोकळं पाणी आहे का पाहा. यॉटचा हंगाम आणि मासेमारीचा हंगाम इथे एकच. मासेमारी बंद असते ती १ जून ते ३१ जुलै, तेव्हा यॉटही बाहेर नसते. जाळी दाखवणारे थर्माकोलचे तुकडे, प्लास्टिकच्या बाटल्या, काठीवरचे झेंडे शोधा.

२. बोट वळवून वारा जवळजवळ पाठीवर घ्या, नाळेपासून १५० अंशांच्या आसपास. सुकाणूवरच्या माणसाने ही दिशा सोडायची नाही.

३. नाळेवर जाणाऱ्याने लाइफजॅकेट आणि हार्नेस घालून, पिशवी वाऱ्याआडच्या बाजूने पुढे न्यावी आणि कठड्याला बांधावी. टॅक, शीट, हॅलयार्ड या क्रमाने जोडावं.

४. टॅकचा दोर घेऊन टॅक कठड्याच्या थोडा वर, सुमारे मीटरभर उंच आणावा.

५. सॉक बंद ठेवून हॅलयार्ड पूर्ण वर ओढावी. फिरकी कप्पीत घुसणार नाही इतकी जागा ठेवावी. खालून वर नजर टाकावी: सॉक फोरस्टेच्या पुढे सरळ लोंबतोय का, पीळ आहे का. असेल तर आत्ताच खाली आणा.

६. वाऱ्याआडची शीट विंचवर दोन फेरे देऊन ढिली धरा, मग सॉकची रिंग वर ओढा. शीड खालून भरू लागलं की रिंग स्वतःच वर धावते. दोर हातातून सरकू द्या, मनगटाला गुंडाळू नका. हातमोजे घाला.

७. रिंग वर पोहोचली की सॉकचा दोर ढिला, पण हाताशी राहील असा बांधा. आता शीट हळूहळू घ्या.

नवशिके इथे शीट करकचून ओढतात. शिडाची पुढची कड किंचित आत दुमडेपर्यंत शीट ढिली सोडा, मग दुमड जाईल इतकीच घ्या. दर मिनिटाला हेच करत राहायचं. शंका आली तर ढिली. वारा बाजूने घ्यायचा असेल तेव्हा टॅक खाली ओढा, पाठीकडे सरकला की टॅक सोडून वर जाऊ द्या. हे शीड ९० ते १४५ अंशांच्या मधल्या वाऱ्यात रंगात येतं; त्याहून पाठीवर घेतलं तर मेनसेल त्याचा वारा खाते.

मालवणहून पणजीला येताना हीच अडचण उभी राहते. सरळ रेषेत ते ४० सागरी मैलांच्या आत आहे, पण वायव्येच्या वाऱ्यात ही रेषा जवळजवळ पाठीवरची, १६० अंशांच्या पलीकडची. नागमोडी गेलात तर शीड छान चालतं, पण अंतर पाचव्या हिश्शाने वाढतं. सात-आठ नॉटांत ते परवडतं, कारण वेगही तसाच वाढतो. दहाच्या पुढे मी मेनसेल उतरवून एकटं जेनेकर पुढे ठेवणं पसंत करतो. बोट सरळ जाते आणि बूम (मेनसेलच्या खालची आडवी काठी) अंगावर येण्याची धास्ती राहत नाही. मात्र आडोसा गेलेला असतो, म्हणून उतरवताना सॉक आणखी लवकर ओढावा लागतो.

शीड वर असताना वाऱ्याआडच्या बाजूचं पुढचं काही दिसत नाही. दर दोन मिनिटांनी कोणीतरी खाली वाकून शिडाच्या खालच्या कडेखालून पाहिलं पाहिजे. आणि माणूस पाण्यात पडला तर हे शीड वर असताना तुम्ही मागे वळू शकत नाही. आधी तरंगतं काहीतरी त्याच्याकडे फेका, एकाने नजर त्याच्यावरून हलवायची नाही, मग सॉक, मग वळण.

जाइब

जाइब म्हणजे पाठीवरचा वारा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला घेणं. शर्यतीतले खलाशी त्यात शीड उघडंच दुसऱ्या बाजूला नेतात. त्यात सैल शीट नाळेखाली जाण्याची भीती असते. दोघांनी बोट चालवताना हा धोका पत्करण्यात मला अर्थ दिसत नाही. सॉक खाली ओढा, मेनसेल शांतपणे दुसऱ्या बाजूला घ्या, बंद सॉक फोरस्टेच्या पुढून पलीकडे न्या, दुसरी शीट घ्या, सॉक उघडा. काही मिनिटं जातात, तेवढंच.

उतरवणं

ठरलेली वेळ झाली, मागे पांढरे माथे दिसू लागले किंवा मनात ‘उतरवावं का’ असा प्रश्न आला, की उतरवा. तो प्रश्न मनात आला याचाच अर्थ वेळ झाली आहे.

बोट पुन्हा १५० अंशांवर आणा. इंजिनला अजून हात लावू नका. सैल दोर पाण्यात असेल तर पंख्यात जाईल. नाळेवरचा माणूस सॉकचा दोर धरून तयार झाला, की कॉकपिटमधून शीट भरपूर ढिली सोडा. शीड कोसळून फडफडू लागेल. आत्ता रिंग खाली ओढायची, डेकवर बसून, पाय कठड्याला टेकवून, दोन्ही हातांनी. रिंग अडली तर शीट अजून ढिली करा. जोराने ओढून रिंग येत नाही, शीड रिकामं झालं की येते. रिंग टॅकपर्यंत आली की हॅलयार्ड हळूहळू सोडा आणि सॉक वाऱ्याआडच्या बाजूला डेकवर ओढून घ्या. हॅलयार्ड विंचवर एक फेरा ठेवूनच सोडा. तीन-चार मीटर शीड पाण्यात गेलं तर ते पाण्याने भरतं आणि दोघांना ओढून येत नाही.

सॉकच अडकला, दोर तुटला, तर काय? म्हणूनच टॅकचा दोर कॉकपिटमध्ये आणला होता. वारा पाठीवर घ्या आणि शीट बूमच्या खालून हातात ओढून घ्या. मग टॅकचा दोर पूर्ण सोडा. शीड पुढून सुटून मेनसेलच्या आडोशात झेंड्यासारखं लोंबतं. एकाने हॅलयार्ड हळूहळू सोडायची आणि दुसऱ्याने शीड बूमखालून थेट केबिनच्या दारात कोंबायचं. घडी नीट नको, फक्त आत हवं. हीही तालीम सकाळच्या मतलईत करून ठेवा.

शीड फोरस्टेभोवती गुंडाळलं गेलं, मध्ये आवळून दोन फुगे झाले, तर ओढाताण करू नका. मेनसेल दुसऱ्या बाजूला घ्या. तिच्यामागून येणारा वारा उलटा फिरतो आणि पीळ बहुधा उलगडतो.

मांडवीत शिरायचं असेल तर शीड अग्वाद आणि काबो या मुखावरच्या टोकांच्या रेषेबाहेरच उतरवा. आत वाळूची पट्टी, बार्जेस, मालिमच्या धक्क्याकडे वळणारे ट्रॉलर आणि कॅसिनोच्या बोटी असतात. खारा वारा तुम्हाला पाठीमागून ढकलत आत नेतो आणि वळायला जागा उरत नाही. मुरगाव बंदराच्या जहाजांच्या वाटेजवळही हेच. मोठ्या जहाजाला तुमच्यासाठी वळता येत नाही, आणि हे शीड वर असताना तुम्हालाही झटकन वळता येत नाही. व्हीएचएफ रेडिओच्या १६ नंबर चॅनलवर कान ठेवा.

सगळे दोर डेकवर मोजून घेतल्याशिवाय इंजिन सुरू करू नका: दोन शीट, टॅक, हॅलयार्ड, सॉकचा दोर.

धुणं आणि ठेवणं

खारट नायलॉन हवेतली ओल शोषून घेतं, जड होतं आणि पुढच्या वेळी नीट उघडत नाही. गोड्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा. उन्हात टांगून ठेवू नका. अतिनील किरणं नायलॉनला लवकर कमजोर करतात. छोटं भोक दिसलं तर त्याच दिवशी स्पिरिटने जागा पुसून, कोरडी करून, दोन्ही बाजूंनी रिपस्टॉपची चिकटपट्टी लावा. पट्टीचे कोपरे गोल कापा, म्हणजे ते उचकटत नाहीत. शिवण उसवली असेल तर शिडाच्या कारागिराकडेच द्या.

मे संपता संपता शीड बोटीवरून घरी आणा. पावसाळ्यात बंद केबिनमध्ये त्याला बुरशी येते आणि डाग जात नाहीत. पूर्ण कोरडं करून, सैल घडीत, माळ्यावर नव्हे तर हवा लागेल अशा कपाटात ठेवा, आणि उंदरांपासून जपा. सप्टेंबरच्या शेवटी पाण्यात उतरण्याआधी ते पुन्हा हॉलमध्ये पसरा आणि दोन्ही कडा हातात धरून शेंड्यापासून टोकापर्यंत चालत तपासा.